राष्ट्रपतींची निवडणूक : इंदूरच्या आमदाराचं एक मत १३१ चं कसं होतं? (हिशोबासकट)

रामबाग

इंदूरच्या भंवरकुआंला एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारी आपली मराठी मुलं ‘मध्य प्रदेशच्या आमदाराचं मतमूल्य १३१, खासदाराचं ७००’ एवढं पाठ करून मोकळी होतात. प्रश्न जरा फिरवून आला की अडकतात. या पद्धतीचा सगळा अर्थ तिच्या भागाकारात आहे, म्हणून तो इथे हातानं करून दाखवतो. वही-पेन्सिल घेऊन बसा.

मतदार कोण, हे आधी. घटनेच्या कलम ५४ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभा ७० व्या घटनादुरुस्तीनं (१९९२) यात आल्या. राज्यसभेतले १२ नामनियुक्त सदस्य मत देत नाहीत. विधान परिषदेचे आमदारही नाहीत. आपल्याकडे भोपाळला विधान परिषद नाही, त्यामुळे हा मुद्दा इथल्या मुलांच्या लक्षातून निसटतो. महाराष्ट्रात ती आहे आणि तिथले परिषदेचे आमदार या निवडणुकीत मतदार नाहीत.

आता आमदाराचं मतमूल्य. राज्याची १९७१ ची लोकसंख्या घ्या, तिला विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागांनी भागा. आलेल्या उत्तरात किती पूर्ण हजार आहेत ते मोजा. वर उरलेली बाकी ५०० किंवा त्याहून जास्त असेल तर एक मिळवा, कमी असेल तर सोडा.

मध्य प्रदेश : लोकसंख्या ३,००,१६,६२५. जागा २३०. भागाकार १,३०,५०७. म्हणजे १३० हजार पूर्ण आणि बाकी ५०७. बाकी ५०० च्या वर आहे, म्हणून १३१.

ही बाकी किती काठावर आहे बघा. १९७१ मध्ये राज्याची लोकसंख्या १,६२६ माणसांनी कमी भरली असती तर भागाकार १,३०,५०० च्या खाली गेला असता आणि मतमूल्य १३० राहिलं असतं. दर आमदारामागे एक, म्हणजे पूर्ण राज्याची २३० मतं गेली असती. आज राज्याच्या आमदारांचं एकूण मूल्य २३० × १३१ = ३०,१३० आहे.

मग खासदार. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागायचं : लोकसभा ५४३ आणि राज्यसभा २३३, एकूण ७७६. २०२२ ची बेरीज ५,४३,२३१ होती. भागाकार ७०० आणि वर किरकोळ अपूर्णांक. अपूर्णांक अर्ध्याहून मोठा असता तरच एक वाढला असता. म्हणून ७००.

७७६ × ७०० = ५,४३,२००. राज्यांचे ५,४३,२३१ आणि संसदेचे ५,४३,२००. दोन पारडी जवळजवळ सारखी. योगायोग नाही हा, पद्धत रचलीच त्यासाठी आहे : राष्ट्रपती निवडताना संसदेचं वजन आणि सगळ्या राज्यांचं मिळून वजन सारखं हवं.

आपल्यापुरतं : इंदूर जिल्ह्यात ९ विधानसभा जागा आहेत, देपालपूर, सांवेर, राऊ आणि महू धरून. ९ × १३१ = १,१७९. इंदूरच्या खासदाराचे ७०० धरले तर १,८७९. (महू जिल्ह्यानं इंदूरमध्ये, पण लोकसभेला धार मतदारसंघात. बेरीज करताना गोंधळू नका.)

क्षिप्रा

फार उपयोगी धागा. एक शंका : माझ्याकडच्या एका पुस्तकात खासदाराचं मूल्य ७०८ दिलंय. पुस्तक चुकलंय की जुनं आहे?

त्रैराशिक

जुनं आहे, क्षिप्राताई. २०१७ ला ७०८ च होतं. तेव्हा आमदारांच्या मूल्याची बेरीज ५,४९,४९५ होती. ७७६ नं भागा, ७०८ येतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती. तिच्या ८७ जागा आणि दर आमदारामागे ७२, म्हणजे ६,२६४ बेरजेतून गेले. ५,४९,४९५ वजा ६,२६४ म्हणजे ५,४३,२३१. हे गेले आणि देशातल्या प्रत्येक खासदाराचं मत आठनं हलकं झालं.

हेच मुलांना समजावून सांगायला हवं. आमदाराचं मूल्य त्याच्या राज्यावर अवलंबून असतं, पण खासदाराचं मूल्य सगळ्या राज्यांवर. एका राज्याचा आकडा हलला की इंदूरचा खासदारही हलतो, इंदूरचा आमदार मात्र जिथल्या तिथे राहतो.

पडताळून बघायला आणखी काही राज्यं देतो, स्वतः गुणाकार करा. उत्तर प्रदेश ४०३ जागा, मूल्य २०८, एकूण ८३,८२४, देशात सर्वात जास्त. महाराष्ट्र २८८, मूल्य १७५, एकूण ५०,४००. गुजरात १८२, मूल्य १४७, एकूण २६,७५४. सिक्कीम ३२, मूल्य ७, एकूण २२४. म्हणजे उत्तर प्रदेशच्या दोन आमदारांचं मूल्य (४१६) अख्ख्या सिक्कीम विधानसभेहून जास्त आहे.

पलासिया_परीक्षार्थी

काका, एखादा आमदार वारला किंवा त्यानं राजीनामा दिला तर भाजक २३० चा २२९ होतो का? मागच्या सराव चाचणीत असा पर्याय होता.

रामबाग

नाही. भाजक म्हणजे सभागृहाच्या निवडून द्यायच्या जागा. रिकामी जागा मोजणीत एक मत कमी करते, इतरांचं मूल्य वाढवत नाही. २०२२ ला संसदेत काही जागा रिकाम्या होत्या, तरी भाजक ७७६ च धरला गेला. विधानसभाच अस्तित्वात नसेल तर गोष्ट वेगळी. त्रैराशिकरावांनी वर सांगितलेलं ते उदाहरण.

सयाजीगंज

बडोद्याहून. विधानसभाच नसली तर काय, याचं सर्वात महत्त्वाचं उदाहरण आमच्या गुजरातचं आहे. १९७४ मध्ये नवनिर्माण आंदोलनानंतर गुजरातची विधानसभा बरखास्त झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रपतींची निवडणूक आली. एका राज्याचे आमदारच नाहीत तर निर्वाचकगण (राष्ट्रपती निवडणारे सगळे खासदार-आमदार मिळून) पूर्ण कसा म्हणायचा, असा प्रश्न उभा राहिला. राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. न्यायालयानं सांगितलं की कलम ६२ प्रमाणे राष्ट्रपतींची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. एखादी विधानसभा बरखास्त आहे म्हणून ती थांबवता येत नाही. निवडणूक ऑगस्ट १९७४ मध्ये झाली, फक्रुद्दीन अली अहमद निवडून आले, आणि त्यात गुजरातच्या आमदारांचं एकही मत नव्हतं.

याच्याही आधी, १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीनं कलम ७१ मध्ये एक पोटकलम घातलं होतं : निर्वाचकगणात कुठल्याही कारणानं जागा रिकामी असली तरी त्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. १९७४ च्या सल्ल्यात हे पोटकलम विचारात घेतलं गेलं. दोन्ही एकत्र वाचा, नाहीतर ‘मग ते पोटकलम आधीपासूनच का होतं’ हा प्रश्न पडतो.

निर्णय मला योग्य वाटतो. नाहीतर मुदत संपायच्या सुमारास एखादी विधानसभा बरखास्त करून निवडणूक लांबवता आली असती.

घटनावाचक

१९७१ च्या लोकसंख्येबद्दल कुणी बोललं नाही अजून. तिथेच खरा वाद आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आकडे १९७१ च्या जनगणनेवर गोठवले, २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ८४ व्या घटनादुरुस्तीनं (२००१) ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. कारण कुटुंबनियोजन. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांना त्याची शिक्षा मिळू नये.

परिणाम किती मोठा आहे, ते केरळ आणि मध्य प्रदेश शेजारी ठेवून बघा. १९७१ ला केरळ २,१३,४७,३७५, जागा १४०, भागाकार १,५२,४८१, मूल्य १५२. (बाकी ४८१. १९ नं एक मत हुकलं.) आपलं १३१. म्हणजे केरळचा आमदार आपल्या आमदाराहून वजनदार. आता २०११ ची लोकसंख्या घालून तोच भागाकार करा : मध्य प्रदेश ७,२६,२६,८०९ भागिले २३०, मूल्य ३१६. केरळ ३,३४,०६,०६१ भागिले १४०, मूल्य २३९. क्रमच उलटतो.

माझं मत : १९७६ ला गोठवणं समजण्यासारखं होतं, पण पन्नास वर्षं जुन्या लोकसंख्येवर आजचं मूल्य काढणं घटनेच्या मूळ हेतूशी जुळत नाही. कलम ५५ राज्यांमध्ये ‘शक्यतो समान प्रमाण’ मागतं.

सयाजीगंज

इथे मी सहमत नाही, घटनावाचक. गोठवण्यामागचं कारण आजही तितकंच खरं आहे. आणि १५२ विरुद्ध १३१ वरून ३१६ विरुद्ध २३९ वर उडी मारताना हेही सांगा की त्या हिशोबात खासदाराचं मूल्यही खूप वाढेल. नुसता ३१६ वाचून ‘आपलं वजन अडीचपट झालं’ असं कुणाला वाटेल. वजन म्हणजे एकूण बेरजेतला वाटा. आज मध्य प्रदेशचा वाटा काढा : आमदार ३०,१३०, खासदार ४० (लोकसभा २९, राज्यसभा ११) × ७०० = २८,०००. मिळून ५८,१३०. देशाची एकूण बेरीज १०,८६,४३१. वाटा साधारण ५.३५ टक्के. राज्याराज्यांची तुलना या टक्क्यांत करा, नुसत्या मूल्यात नको.

घटनावाचक

तुलना वाट्यात करायची, हे मान्य. तरी वाटा काढलात तरी मध्य प्रदेश वर जातो आणि केरळ खाली येतो, हे बदलत नाही. गोठवणं न्याय्य की नाही, यावर आपलं एकमत होणार नाही, असू दे.

त्रैराशिक

या वादात एक इंदुरी आकडा टाकतो. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. अविभाजित मध्य प्रदेशाची १९७१ ची लोकसंख्या ४,१६,५४,११९ आणि जागा ३२०. भागाकार १,३०,१६९, बाकी १६९, म्हणून मूल्य १३०, एकूण ४१,६००. विभाजनानंतर आपण १३१ × २३० = ३०,१३० आणि छत्तीसगड १२९ × ९० = ११,६१०. बेरीज ४१,७४०. माणसं तीच, जागा त्याच, आणि १४० मतं वाढली, निव्वळ भागाकाराची बाकी ५०० च्या वर की खाली या नियमामुळे. आपल्याला वर ढकललं, छत्तीसगडची ३०५ बाकी सोडून दिली.

क्षिप्रा

हे कुठल्याच गाईडमध्ये नाही! आता मतदानाचं सांगा. पसंतीक्रम म्हणजे नक्की काय लिहायचं असतं?

रामबाग

मतपत्रिकेवर दोन रकाने असतात : एकात उमेदवारांची नावं, दुसऱ्यात पसंती लिहायची जागा. पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही, ‘वरीलपैकी कोणी नाही’ हा पर्यायही नाही. खासदारांची पत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. मूल्य वेगळं असल्यानं मोजताना रंगावरून लगेच वेगळ्या काढता येतात.

आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, असं आकड्यात लिहायचं. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो, रोमन पद्धतीचाही चालतो, पण अक्षरात ‘एक’ लिहिलं तर चालत नाही. पहिली पसंती सक्तीची, बाकीच्या ऐच्छिक. फक्त १ लिहून पत्रिका टाकली तरी मत वैध.

पत्रिका बाद कशानं होते : १ कुठेच नाही, १ दोघांपुढे, एकाच नावापुढे १ आणि दुसराही आकडा, सही, नाव किंवा मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण, आणि निवडणूक आयोगानं दिलेल्या पेनऐवजी दुसरं पेन. २०१६ ला हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनमुळे मतं बाद झाली आणि मोठा वाद झाला. त्यानंतर २०१७ पासून आयोग राष्ट्रपती निवडणुकीतही स्वतःचं जांभळ्या शाईचं पेन देतो. आत जाताना मतदाराचं पेन काढून घेतात, हे दिलं जातं, बाहेर पडताना परत घेतलं जातं.

आणि बाद मतं खरोखर होतात, तीही रोज कायदे करणाऱ्यांची. २०१७ ला ७७, त्यात खासदारांची २१. २०२२ ला ५३, त्यात खासदारांची १५.

पलासिया_परीक्षार्थी

पक्षानं व्हिप (असंच मत द्या असा आदेश) काढला तर? आणि राज्यसभेसारखी पत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते का?

घटनावाचक

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला पत्रिका दाखवावी लागते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान पूर्ण गुप्त असतं आणि पत्रिका दाखवली तर ती बाद करतात. २०१२ ला मुलायमसिंह यादवांनी चुकीच्या नावापुढे पसंती लिहिली, पत्रिका फाडली आणि दुसरी मागून घेतली. गुप्ततेचा नियम मोडल्याबद्दल आयोगानं त्यांचं मत बाद ठरवलं. व्हिप काढता येत नाही, कारण हे सभागृहातलं कामकाज नाही. म्हणून पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्टही लागू होत नाही. २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत (रालोआत) असूनही शिवसेनेनं काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला. तो पक्षाचाच निर्णय होता, पण एकट्या आमदाराला वेगळं मत द्यायचं असेल तरी त्याचं पद जात नाही.

मोजणी मात्र राज्यवार होते. त्यामुळे मध्य प्रदेशातून कोणाला किती मतं पडली हे जाहीर कळतं, कोणी टाकली ते कळत नाही.

त्रैराशिक

आता मोजणी. इथे ‘निम्म्याहून जास्त’ म्हणजे कशाच्या निम्म्याहून, यात सगळे चुकतात. एकूण १०,८६,४३१ च्या नाही, वैध पडलेल्या मूल्याच्या. भागिले दोन, अधिक एक, उरलेली बाकी सोडायची. जिंकायला लागणाऱ्या या आकड्याला कोटा म्हणतात.

२०२२ : वैध पत्रिका ४,७०१, मूल्य १०,५६,९८०. कोटा ५,२८,४९०+१ = ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३, यशवंत सिन्हा ३,८०,१७७. पहिल्या पसंतीतच निकाल. दोनच उमेदवार असले की दुसरी पसंती उघडायची वेळ येतच नाही.

म्हणून शिकायला १९६९ घ्या. पंधरा उमेदवार. आणि त्यात आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, माजी अर्थमंत्री, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यानं उभे. वैध मूल्य ८,३६,३३७, कोटा ४,१८,१६९.

पहिली पसंती : वराहगिरी वेंकट गिरी ४,०१,५१५. नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. बाकी बारा जणांचे मिळून ८,५०५. कोणीच कोट्याला पोचलं नाही.

मग सर्वात खालच्याला बाद करायचं, त्याच्या पत्रिका उघडून पुढची पसंती बघायची आणि ती पत्रिका पूर्ण मूल्यानं त्या उमेदवाराकडे द्यायची. १३१ ची पत्रिका १३१ चीच जाते. असं एकेक करत शेवटी देशमुखही बाद झाले आणि दोघे उरले. अंतिम : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आता वजाबाकी करा. पहिल्या पसंतीनंतर गिरींना १८,५६२ मिळाले, रेड्डींना ९१,८७९. सुरुवातीचं अंतर ८७,९६७ होतं, ते १४,६५० वर आलं. देशमुखांकडच्या पत्रिका मोठ्या प्रमाणात रेड्डींकडे वळल्या, पण आघाडी तोडायला पुरल्या नाहीत. गिरी कोट्याच्या फक्त १,९०८ वर होते.

अजून एक वजाबाकी : ८,३६,३३७ मधून दोघांची बेरीज (८,२५,५०४) काढली तर १०,८३३ उरतात. या पत्रिकांवर दोघांपैकी कोणाचंच नाव पुढच्या पसंतीत नव्हतं, त्या संपल्या. कोटा मात्र त्यामुळे कमी होत नाही, सुरुवातीला काढलेलाच राहतो. ‘फक्त १ लिहिलं तरी चालतं’ हे खरं, पण तुमचा उमेदवार बाद झाला तर तुमचं मत तिथेच थांबतं.

क्षिप्रा

१९६९ चं हे कोष्टक मी मुलांना फळ्यावर करायला देणार. अर्ज भरायचे नियम कोणी सांगेल का?

रामबाग

५० मतदार सूचक, ५० अनुमोदक, अनामत १५,००० रुपये. हे १९९७ पासूनचे आकडे. त्याआधी १० आणि १० होते, अनामत २,५००. कोणीही हौसेनं अर्ज भरू नये म्हणून वाढवले. एका मतदाराला एकाच उमेदवाराचा सूचक किंवा अनुमोदक होता येतं. दोघांच्या अर्जावर सही असेल तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची धरतात. एका उमेदवाराचे जास्तीत जास्त चार अर्ज. मतदारयादीत आपलं नाव असल्याचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो. तो नसेल तर अर्ज छाननीत बाद होतो. हरलेल्या उमेदवाराला कोट्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. निवडणूक निर्णय अधिकारी आलटूनपालटून लोकसभेचे आणि राज्यसभेचे महासचिव : २०१७ ला लोकसभेचे, २०२२ ला राज्यसभेचे.

पलासिया_परीक्षार्थी

शेवटचं. आपला खासदार भोपाळला मत देऊ शकतो का? आणि आक्षेप घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जाता येतं का?

घटनावाचक

पहिल्याचं उत्तर हो. खासदारांचं केंद्र संसद भवन, आमदारांचं आपापली विधानसभा. पण आधी आयोगाला कळवून परवानगी घेतली तर खासदार राज्याच्या राजधानीत मत देऊ शकतो. पत्रिका तेव्हाही हिरवीच आणि मूल्य खासदाराचंच. मतदानानंतर भोपाळची पेटी अधिकाऱ्यांबरोबर विमानानं दिल्लीला जाते. २०२२ ला पेट्यांसाठी वेगळं तिकीट काढून त्या आसनावर ठेवून नेल्या होत्या. मोजणी सगळ्या देशाची दिल्लीतच होते.

दुसऱ्याचं नाही. कलम ७१ प्रमाणे या निवडणुकीचा वाद फक्त सर्वोच्च न्यायालयात चालतो, आणि तोही निकालानंतर, ३० दिवसांच्या आत. अर्ज उमेदवाराला करता येतो किंवा किमान २० मतदारांना मिळून. इथे मतदार म्हणजे खासदार-आमदार, तुम्ही-आम्ही नाही.